स्पेक्ट्रमला एसडी कार्ड लावायचंय: काकांच्या कॅसेटी, नऊ व्होल्ट आणि इतर भानगडी

कपाटातला (धागाकर्ता)

माळा आवरताना काकांचा जुना घरगुती संगणक, झेडएक्स स्पेक्ट्रम, हाती लागला. ४८ केवाला, रबरी बटणांचा, कोपऱ्यातले रंगीत पट्टे अजून शाबूत. सोबत बुटांच्या खोक्यात एकोणीस कॅसेटी. बऱ्याचशा विकतच्या खेळांच्या आहेत, पण चारेक कॅसेटींवर काकांच्या अक्षरात नुसतं 'माझे' लिहिलंय, बाकी काही नाही.

भीतभीत जुन्या टीव्हीला जोडला तर चक्क चालू झाला. खालच्या ओळीत १९८२ सालचा कॉपीराइट झळकला तेव्हा काय वाटलं ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. कॅसेट मात्र एकही धड लोड होत नाही. चार-पाच मिनिटं किंचाळून घेते आणि शेवटी 'आर टेप लोडिंग एरर'. टेपरेकॉर्डरही तेवढाच म्हातारा आहे म्हणा.

याला एसडी कार्ड लावता येतं असं वाचलं. खरंच लागतं का? आतमध्ये काही कापाकापी करावी लागते का? घरात एक ६४ जीबीचं कार्ड पडून आहे, ते चालेल ना? मला सोल्डरिंग येत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सोल्डरबाबा

कार्डाचं नंतर. आधी सांगा, कोणता अ‍ॅडॅप्टर लावून चालू केलात?

कपाटातला

त्याचाच असावा. काळा ठोकळा, ९ व्होल्ट लिहिलंय. पण वायर पार कडक झालीय, म्हणून राउटरचा ९ व्होल्टचा लावायचा विचार होता. पिन बसते त्याची.

सोल्डरबाबा

बसते म्हणूनच भीती! स्पेक्ट्रमच्या पिनेत मधला भाग ऋण असतो आणि बाहेरचा धन. आजकालचे बहुतेक अ‍ॅडॅप्टर बरोबर उलटे. राउटरचा लावू नका. वायर बदलून घ्या किंवा मध्य-ऋण अ‍ॅडॅप्टर घ्या, दीड अँपिअरच्या आसपासचा.

जुना ठोकळा मल्टिमीटरने मोजलात तर भार नसताना ९ च्या ऐवजी १२-१३ व्होल्ट दिसतील. घाबरू नका, तो अनरेग्युलेटेड आहे, त्याला जन्मतःच शिस्त नाही. ५ व्होल्ट करण्याचं काम आतला ७८०५ रेग्युलेटर करतो आणि त्या भानगडीत तापतो.

आता कार्डाबद्दल. कापाकापी नाही. यंत्राच्या पाठीमागे जो उघडा एज कनेक्टर आहे, त्यावर डिव्हएमएमसी नावाच्या जातीचा इंटरफेस बसतो. तयार मिळतो, सोल्डरिंग नको. पण बसवायच्या आधी त्या सोनेरी-काळपट पट्ट्या साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा. निम्म्या लोकांचा 'इंटरफेस खराब आला' हा दोष खोडरबराने जातो.

आणि हे भिंतीवर लिहून ठेवा: इंटरफेस लावताना-काढताना वीज बंद. स्पेक्ट्रमला बटण नाही, म्हणजे वायर उपटायची. चालू असताना इंटरफेस केसभर जरी सरकला तरी शेजारशेजारच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात, आणि त्यात एक पट्टी थेट ९ व्होल्टची आहे. ४८ केच्या पहिल्या १६ केमधल्या मेमरी चिप (४११६) ५ व्होल्टवर भागत नाहीत; त्यांना +१२ आणि −५ सुद्धा लागतात. ते −५ गेलं आणि +१२ राहिलं की चिपांचा निकाल लागतो. मी एका मित्राचा स्पेक्ट्रम असाच 'फक्त जरा सरळ करतो' म्हणत घालवलाय. मैत्री टिकली, पण यंत्राचा विषय आम्ही काढत नाही.

आठबिटी

सोल्डरबाबा +१.

६४ जीबीचं कार्ड चालेल की नाही हा प्रश्न दोन भागांत आहे. २ जीबीपर्यंतची साधी एसडी, ४ ते ३२ जीबीची एसडीएचसी आणि त्यापुढची एसडीएक्ससी. साध्या कार्डाला पत्ता सांगताना 'अमुकाव्या बाइटपासून दे' असं सांगतात. एसडीएचसीपासून पुढे तोच आकडा '५१२ बाइटांचा अमुकावा ठोकळा दे' असा वाचला जातो. ज्या जुन्या फर्मवेअरला हा फरक ठाऊक नाही, ते दुसरी जागा मागतं, तिसरंच काहीतरी मिळतं आणि माणूस कार्डाला शिव्या घालतो.

डिव्हएमएमसीवरच्या ईएसएक्सडॉसला (कार्ड वाचणारं सॉफ्टवेअर) एसडीएचसी कळतं. अडचण दुसरी आहे. ६४ जीबीचं कार्ड कारखान्यातून एक्सफॅट ह्या फॉरमॅटमध्ये येतं, आणि ईएसएक्सडॉस फक्त फॅट१६ आणि फॅट३२ वाचतं. फॅट३२ करून घेतलंत तर चालू शकेल, पण कशाला? हिशोब करा: ४८ के म्हणजे ४९१५२ बाइट. ३२ जीबीच्या कार्डात अशा साडेसहा लाख प्रती मावतात. ड्रॉवरमध्ये लोळणारं २ किंवा ४ जीबीचं जुनं कार्ड शोधा, तेच जास्त गुणी निघतं.

कपाटातला

जुन्या कॅमेऱ्यातलं २ जीबीचं मिळालं! इंटरफेस मागवलाय. आला की कळवतो. तोपर्यंत कोणी मला हे सांगेल का की कार्डातली फाइल ह्या यंत्राला 'कळते' कशी? १९८२ साली तर एसडी कार्ड नव्हतंच.

आठबिटी

नव्हतंच. एसडी १९९९ सालचं. पण यातली लबाडी फार गोड आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्पेक्ट्रमच्या १६ केच्या रॉममध्ये टेप वाचणारा तुकडा १३६६ ह्या पत्त्यावर सुरू होतो. डिव्हएमएमसी सतत झेड८० ह्या प्रोसेसरच्या पत्त्यांच्या तारांवर कान लावून बसलेलं असतं. प्रोसेसरने १३७८ ह्या पत्त्यावरची आज्ञा उचलली रे उचलली की ते ओळखतं, आता टेप वाचायला निघाला. त्या क्षणी ते खऱ्या रॉमला बाजूला सारून स्वतःची रॉम आणि रॅम त्या जागी सरकवतं. प्रोसेसरला पत्ताच नाही की पायाखालची सतरंजी बदललीय. तो मागतो टेपवरचे बाइट, त्याला मिळतात कार्डावरचे.

वेगाचं म्हणाल तर टेपवर 'शून्य' लिहायला ८५५ टिकटिकींच्या दोन पट्ट्या लागतात, 'एक' लिहायला १७१० च्या दोन. घड्याळ सेकंदाला ३५ लाख टिकटिकींचं. सरासरी काढली तर सेकंदाला साधारण १३६० बिट. ४८ के भरायला पावणेपाच मिनिटं. कार्डावरून एक बाइट उचलायला झेड८०ची एक आज्ञा पुरते, १६ टिकटिकींची. सगळं जमून आलं तर ४८ के पाव सेकंदात. प्रत्यक्षात फाइल शोधण्यात थोडा वेळ जातो, तरी डोळा मिटून उघडेपर्यंत खेळ हजर.

इंटरफेसवर एक बटण असेल, एनएमआयचं (प्रोसेसरला हातातलं काम सोडायला लावणारी हाक). ते दाबलं की कार्डावरच्या फायलींची यादी पडद्यावर येते. गंमत म्हणजे एनएमआयची सोय मूळ रॉममध्येही आहे, १०२ ह्या पत्त्यावर. पण तिथे एका उडीची अट उलटी पडलीय, त्यामुळे ती सोय कधी वापरताच आली नाही. ती रिकामी पडलेली खोली पुढे अशी भाड्याने गेली.

उगीचच

एवढा खटाटोप करण्यापेक्षा लॅपटॉपवर इम्युलेटर टाका ना. तेच खेळ, तीच बीप. शिवाय कार्ड लावलेला स्पेक्ट्रम म्हणजे बैलगाडीला विमानाचं इंजिन. खरा अनुभव तर राहिलाच नाही.

फीतमास्तर

उगीचच, तुमच्या आयडीला जागलात.

त्या काळीही कोणाला टेपची हौस नव्हती हो, दुसरं परवडत नव्हतं म्हणून टेप. स्पेक्ट्रम बनवणाऱ्या खुद्द सिंक्लेअरने १९८३ साली मायक्रोड्राइव्ह काढला तो ह्याच कंटाळ्यातून. ह्याच मागच्या कनेक्टरवर इंटरफेस वन लावायचा आणि त्याला तो जोडायचा. आत पाचेक मीटरची अखंड गोल फिरणारी फीत, एका काडतुसात ८५ केबीच्या आसपास. धागाकर्त्याच्या २ जीबीच्या कार्डात अशी २३ हजार काडतुसं बसतील. म्हणजे टेपच्या जागी दुसरं काहीतरी लावणं हा त्या यंत्राचा जुनाच छंद आहे.

इम्युलेटर मीही वापरतो. पण तिथे रबरी बटणं दाबून अंगठा दुखत नाही.

उगीचच

अंगठा दुखणं हा फायदा म्हणून पहिल्यांदाच ऐकला. मागे घेतो. (बैलगाडी मात्र मागे घेणार नाही.)

निशाचरी

मी कमोडोर ६४ वाली, तोही त्याच काळातला संगणक. तुमच्या इथे सगळं फारच सरळ दिसतंय, म्हणून आमचं रडगाणं गाते.

आमच्याकडे कार्डासाठी सर्वांत साधी वस्तू म्हणजे एसडी२आयईसी. डिस्क ड्राइव्हच्या केबलीत लागते, ५ व्होल्ट कॅसेटच्या पोर्टातून घेते, आणि यंत्राला वाटतं आठव्या क्रमांकाचा ड्राइव्ह जोडलाय. रिकामी डी६४ फाइल (म्हणजे फ्लॉपीची प्रत) उघडली की ६६४ ब्लॉक्स फ्री, अगदी खऱ्यासारखं. मी आनंदाने दोनशे फायली टाकल्या. त्यातले निम्मे खेळ सुरुवातीचं चित्र दाखवून थिजले.

कारण असं की कमोडोरचा मूळ १५४१ ड्राइव्ह हा नुसता ड्राइव्ह नाही, तो स्वतःच एक संगणक आहे. त्याच्यात वेगळा ६५०२ प्रोसेसर आणि २ केबी रॅम असते. मूळचा वेग सेकंदाला ४०० बाइटांच्या आसपास, म्हणून खेळ बनवणारे स्वतःचा फास्टलोडर ड्राइव्हच्या त्या रॅममध्ये पाठवून तिथेच चालवायचे. एसडी२आयईसीला काही प्रसिद्ध फास्टलोडर ओळखता येतात, पण अनोळखी ६५०२चा प्रोग्रॅम चालवायला त्याच्याकडे ६५०२ नाहीच! पाय१५४१ किंवा १५४१ अल्टिमेट अख्खा ड्राइव्ह आतून-बाहेरून नकलून दाखवतात, तिथे हे खेळ चालतात.

आणि कोणी कमोडोर बाहेर काढणार असेल तर मूळचा पॉवर सप्लाय वापरू नका, विनंती आहे. आतून राळ ओतून बंद केलेला असतो, रेग्युलेटर म्हातारा झाला की ५ व्होल्टच्या तारेवर जास्त व्होल्ट सोडतो, आणि पहिला घास रॅमचा. नवीन कार्ड घेण्याआधी नवीन सप्लाय घ्या. मी उलट्या क्रमाने घेतलं.

आठबिटी

निशाचरी, आमच्याकडेही तुमचं दुखणं आहे, जरा सौम्य. बऱ्याच विकतच्या खेळांचा स्वतःचा टेप-लोडर असतो. तो रॉममधल्या १३६६ च्या वाटेला जातच नाही, त्यामुळे सापळ्यात पायच पडत नाही. टॅप फाइल (कॅसेटवरच्या बाइटांची प्रत) निवडली, पहिला तुकडा झटकन आला आणि मग कडेच्या पट्ट्या नाचत राहिल्या, तर समजायचं की तो अजून खऱ्या कॅसेटची वाट बघतोय. अशा खेळांची स्नॅपशॉट फाइल घ्यायची, झेड८० किंवा एसएनए. त्यात लोडिंग संपल्यानंतरची अख्खी मेमरीच असते.

अमिगा १२०० वाल्यांसाठी एक ओळ: आतल्या आयडीई पट्टीवर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड साध्या अ‍ॅडॅप्टरने बसतं, पण हार्डडिस्कच्या सेटिंगमध्ये मॅक्सट्रान्सफरचा आकडा १३०५६० वर आणा, म्हणजे एका वेळी ५१२ बाइटांचे २५५ ठोकळे. नाहीतर लहान फायली ठणठणीत आणि मोठ्या फायली हळूच खराब होतात. हळूच, हे वाईट.

बीबीसी मायक्रोवाले बोला.

शून्यएक

बोलतो. आमच्याकडे कार्ड वाचायला एमएमएफएस. कार्डावर एकच मोठी फाइल, तिच्यात ५११ डिस्कांच्या प्रतिमा, प्रत्येकी २०० के. ती फाइल कार्डावर सलग असायला हवी, तुकड्यांत विखुरली तर वाचता येत नाही. म्हणून कार्ड ताजं फॉरमॅट करायचं आणि ती फाइल सर्वांत आधी टाकायची. मी तिच्याआधी सुट्टीचे फोटो टाकले होते.

कपाटातला

इंटरफेस आला. खोडरबर झाला, अल्कोहोल झालं, वायर उपटून लावला. चालू केला तर ईएसएक्सडॉसचं नाव आलं, कार्ड दिसलं, आणि मग एरर देऊन थांबला. कार्ड फॅट१६ आहे. ईएसएक्सडॉसचे बिन आणि सिस हे दोन्ही फोल्डर टाकलेत. काय चुकलं?

सोल्डरबाबा

ते फोल्डर कुठल्या आवृत्तीचे? इंटरफेसवरच्या चिपमध्ये जी आवृत्ती आहे, नेमके त्याच आवृत्तीचे सिस फोल्डर कार्डावर लागतात. 'नवीन ते चांगलं' इथे चालत नाही. पडद्यावर नावापुढे आकडा येतो, तो बघा.

कपाटातला

तेच होतं! चिपमध्ये जुनी आवृत्ती, मी कार्डावर ताजी टाकलेली. बदलली आणि चाललं. एनएमआयचं बटण दाबलं, यादी आली, एक खेळ निवडला आणि... मी खुर्चीत नीट बसेपर्यंत तो सुरू झाला होता. लहानपणी एवढ्या वेळात आम्ही अभ्यास केल्याचं नाटक करून यायचो.

एक किरकोळ त्रास. यादीत प्रत्येक फाइलची जुळी फाइल दिसते, टिंबाने सुरू होणाऱ्या नावाची, ती उघडतच नाही. आणि कीबोर्डची एका टोकाची पाच बटणं मेलीत.

आठबिटी

मॅकवरून फायली टाकल्यात ना? त्या जुळ्या मॅकने सोडलेल्या आहेत, खुशाल उडवा.

पाच बटणं एकदम गेली म्हणजे मेम्ब्रेनच्या (बटणांखालचं पातळ प्लास्टिक) शेपटीला चीर. तीन-चार दशकांत ते प्लास्टिक पापडासारखं होतं. चिकटपट्टीचे प्रयोग नकोत, नवीन मेम्ब्रेन मिळतं, ते टाका. वरचं झाकण उघडताना शेपूट ओढू नका.

फीतमास्तर

कपाटातला, खेळ काय, जगभर पसरलेत, त्यांच्या टॅप फायली कुठेही मिळतील. त्या 'माझे' लिहिलेल्या चार कॅसेटींचं काय केलंत? त्यांची प्रत अख्ख्या जगात दुसरी कुठेही नाही. कार्ड घेतल्याचा खरा उपयोग तिथे आहे.

कपाटातला

तेच विचारायचं होतं. पण त्या लोडच होत नाहीत, तर कार्डावर घेऊ कशा?

फीतमास्तर

स्पेक्ट्रमवर लोड करायचा प्रयत्नच सोडा. दर वेळी फीत फिरवली की ती थोडी झिजते. एकदा नीट ध्वनिमुद्रण करा आणि पुढची मारामारी त्या फाइलशी करा, कॅसेटशी नको.

पहिली गोष्ट, कॅसेट उघड्या बाजूने बघा. फितीमागे एक इवलीशी गादी असते, पत्र्याच्या पट्टीवर. ती गळून पडली असेल तर फीत हेडला टेकत नाही आणि आवाज बसका येतो. गळली असेल तर फीत दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या कवचात हलवा. पाच स्क्रूवाली कॅसेट असेल तर नशीब, चिकटवलेली असेल तर धीर धरा.

दुसरी, टेपरेकॉर्डरचा हेड अल्कोहोलने पुसा.

तिसरी, आणि हीच मुख्य. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. काकांच्या टेपरेकॉर्डरचा कोन वेगळा, तुमच्याचा वेगळा. कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू अगदी हळू, पावपाव फेऱ्याने फिरवा आणि कान द्या. कुठेतरी आवाज एकदम धारदार होईल, पडदा बाजूला झाल्यासारखा. तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटसाठी हे पुन्हा करावं लागतं.

मुद्रण करताना डॉल्बी (खरखर कमी करायची सोय) बंद. ४४१०० हर्ट्झ, डब्ल्यूएव्ही. एमपी३ नको, तो माणसाच्या कानासाठी बनवलाय, झेड८०च्या नाही. स्टिरिओ टेप असेल तर डावा-उजवा एकत्र मिसळू नका. कोन जरासा जरी तिरका असला तरी दोन्ही बाजू एकमेकींना खातात. जी बाजू स्वच्छ ती एकटी ठेवा.

मग डब्ल्यूएव्हीचं टॅप करणारे प्रोग्रॅम आहेत, त्यांना ती फाइल द्या. टॅपमधल्या प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक तपासणीचा बाइट असतो, आधीच्या सगळ्या बाइटांचा एक्सॉर, म्हणजे बिटाबिटाची एक प्रकारची बेरीज. तो जुळला तर तुकडा बरोबर मानायला हरकत नाही.

कपाटातला

तीन रात्री गेल्या.

चारपैकी एका कॅसेटची गादी खरंच गळली होती. कवच बदललं (हात थरथरत होते, एकदा फीत मांडीवर सांडली). स्क्रूचं तंतोतंत खरं निघालं. तो 'पडदा बाजूला' होणारा आवाज ऐकला आणि घरातले सगळे आपापल्या खोलीत निघून गेले.

दोन कॅसेटींत रेडिओवरची गाणी आहेत, वर जुन्या प्रोग्रॅमांचे चिरके तुकडे मध्येमध्ये. एकीत शिकताना केलेले छोटे प्रोग्रॅम, नऊपैकी सात वाचले. चौथीत एकच प्रोग्रॅम, पण काकांनी तो लागोपाठ दोनदा सेव्ह केलाय. पहिल्याचा तपासणीचा बाइट जुळत नाही, दुसऱ्याचा जुळला!

नाव 'डाव'. कार्डावरून लोड केला, 'ओके' आलं. रन केला तर: '२ व्हेरिएबल नॉट फाउंड, २०:१'. लिस्ट बघितली. ओळ २० ला फॉर आय, १ ते एन. पण एन कुठून येतो तेच कळत नाही, प्रोग्रॅममध्ये त्याला सुरुवातीची किंमत कुठेच दिलेली नाही. ओळ ९००० ला डिम ए$, ३०० गुणिले १२, म्हणजे नुसती अक्षरांच्या अ‍ॅरेसाठी राखलेली जागा. काकांनी अर्धवट सोडला असावा.

फीतमास्तर

थांबा, सेव्ह करू नका! आता रन केल्यावर वरच्या वर काही जपून ठेवलंत का?

कपाटातला

नाही. का?

फीतमास्तर

हुश्श. कॅसेट असती तर पुन्हा फिरवावी लागली असती, कार्डावर आहे ते बरं.

स्पेक्ट्रमवर बेसिकचा प्रोग्रॅम सेव्ह केला की त्याच्यासोबत त्या क्षणीच्या सगळ्या व्हेरिएबल्स पण टेपवर जातात. लोड केला की परत येतात. आणि रन ही आज्ञा पहिलं काम काय करते, तर सगळ्या व्हेरिएबल्स पुसून टाकते. काकांचा एन तुम्ही स्वतः पुसलात.

खात्री करायची तर टॅप फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडा, आकडे दशमानात दाखवायला सांगा. पहिले दोन १९ आणि ०. मग ० (हे शीर्षक), मग ० (म्हणजे बेसिक), मग नावाची दहा अक्षरं. त्यापुढे दोन-दोन बाइटांच्या तीन जोड्या, लहान बाइट आधी. पहिली जोडी एकूण लांबी, दुसरी आपोआप सुरू व्हायची ओळ, तिसरी नुसत्या प्रोग्रॅमची लांबी. तीन जोड्या इथे टाका.

कपाटातला

७५ १९
० १२८
२६ ५

फीतमास्तर

१९ गुणिले २५६ अधिक ७५ = ४९३९. ५ गुणिले २५६ अधिक २६ = १३०६. वजाबाकी ३६३३.

म्हणजे प्रोग्रॅम १३०६ बाइटांचा आणि त्याच्यामागे ३६३३ बाइटांच्या व्हेरिएबल्स. ३०० ओळी, प्रत्येकी १२ अक्षरं, झाले ३६००. त्या अ‍ॅरेची ओळखपाळख ८ बाइट, एन साठी ६, फॉरच्या आयसाठी १९. ३६३३. एक बाइट इकडचा तिकडे नाही. सगळं जागेवर आहे.

मधली जोडी ३२७६८, म्हणजे 'आपोआप सुरू होऊ नको'. काका लोड झाल्यावर हाताने गो टू मारत असणार. रीसेट करा, पुन्हा लोड करा आणि गो टू १०. रन नाही, क्लिअर नाही.

निशाचरी

मी इथे नखं खातेय. कपाटातला, लवकर!

सोल्डरबाबा

जागे आहोत.

कपाटातला

आलं.

बुद्धिबळाचा हिशोब आहे. बाबा आणि काका. प्रत्येक ओळीत तारीख आणि पुढे एक अक्षर, ब किंवा क, बरोबरी झाली तर नुसती बरोबरीची खूण. १९८६ पासून १९८९ पर्यंत २१७ डाव. खाली बेरीज: बाबा ११२, काका ९४, बरोबरी ११. स्क्रोल विचारतो, मी वाय दाबतो, अजून एक पान भरतं. सलग नऊ डाव बाबा हरलेत एका पावसाळ्यात, त्याच्याबद्दल मला आजवर कोणी बोललेलं नाही.

बाबा मागे येऊन उभे राहिले, चष्मा लावला, बराच वेळ वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे." मग काकांना फोन लावला. काका म्हणाले, "शेवटचे तीन डाव मी गावाला गेलो असताना तुझ्या बाबाने टाकलेत. काढून टाक." बाबा पलीकडून म्हणतात हात लावलास तर बघ.

तांत्रिक प्रश्न: बदल करून कार्डावर कसं सेव्ह करू?

आठबिटी

सेव्ह, मग चांदणी, मग अवतरणात फाइलचं नाव. नाव आठ अक्षरांच्या आत ठेवा. व्हेरिएबल्स सोबत जातात. लिहून होईपर्यंत कार्ड उपटू नका. आणि मूळ टॅप फाइलला हात लावायचा नाही, तिची एक प्रत लॅपटॉपवरही ठेवा.

फीतमास्तर

नाव वेगळं द्या म्हणजे झालं. २ जीबी आहे. एक काकांची, एक बाबांची.